चरईतलं बिनपाटीचं दुकान : इथे साल कागदाचं सांगतात

मी पोस्टर टेबलावर उलगडलं, तेव्हा सिनेमाची जुनी पोस्टरं विकणाऱ्या काकांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रॉवरमधून शिंप्याचा टेप काढला, लांबी-रुंदी घेतली आणि म्हणाले, "चोवीस बाय छत्तीस. ताई, किती दिलेत?"

साडेसहा हजार दिले होते. ऑनलाइन घेतलं होतं, 'चाळीसच्या दशकातलं अस्सल अमेरिकन स्टॉक पोस्टर' म्हणून. स्टॉक म्हणजे चित्र छापून सिनेमाच्या नावाची जागा कोरी सोडलेलं. मांजर उंदराच्या मागे धावतंय आणि खाली एक पांढरी कोरी चौकट. त्या चौकटीसाठीच मी ते घेतलं होतं.

काका म्हणाले, "त्या काळातलं अमेरिकेतलं थिएटरचं एक शीट सत्तावीस बाय एक्केचाळीस इंच असतं. हे कापलेलं असेल म्हणावं, तर चारही बाजूंना कडेची पांढरी पट्टी शाबूत आहे. आता घडीवरून बोट फिरवा."

मी फिरवलं. घडी डोळ्यांना दिसत होती. मध्ये एक उभी, तीन आडव्या, रंग उडालेल्या, टोकं झिजलेल्या. बोटाला मात्र काहीच लागत नव्हतं. कागद काचेसारखा सपाट. ती घडी छापलेली होती. कुणीतरी खऱ्या, घडी पडलेल्या पोस्टरचा फोटो काढून तो जसाच्या तसा नव्या कागदावर उतरवला होता.

मी वागळे इस्टेटमध्ये एका ऑफसेट छापखान्यात प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या कामाला आहे, एकोणीस वर्षं. पर्समध्ये भिंग असतं. ते मी त्या क्षणापर्यंत बाहेर काढलं नव्हतं, कारण घरी पोस्टर बघताना मी बघत होते ते मांजर आणि उंदीर. काकांनी बोटाने तळाची बारीक ओळ दाखवली आणि म्हणाले, "आता तुमचं काम तुम्ही करा." भिंगाखाली त्या ओळीतलं प्रत्येक अक्षर ठिपक्यांचं बनलेलं दिसलं. मूळ छपाईत बारीक अक्षर सलग शाईचं असतं, कडा धारदार. अक्षरालाच चार रंगांचे ठिपके आहेत, म्हणजे फोटोवरून केलेली नक्कल. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. पण त्या संध्याकाळपासून गेली दोन वर्षं मी या दुकानात जातेय, आणि आता त्याबद्दल नीट लिहावं असं वाटतं.

दुकानाला पाटी नाही, म्हणून नाव लिहिता येत नाही. ठाणे स्टेशनवरून पश्चिमेला उतरून जांभळी नाका, मग तलावपाळी ओलांडून चरईत शिरायचं. तिथे एका जुन्या दुमजली इमारतीचा तळमजला, दोन पायऱ्या चढून आत. आजूबाजूला 'पोस्टरवाले काका' म्हटलं की कुणीही दाखवतं. चालत पंधरा मिनिटं. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही. संध्याकाळी पाच ते आठ, सोमवारी आणि गुरुवारी बंद. जीपे चालतं.

आत जेमतेम एका खोलीएवढी जागा. मधोमध मोठं टेबल, त्यावर पांढरा सनमायका. तिन्ही भिंतींना नकाशे ठेवायला असतात तसे पसरट, उथळ ड्रॉवर. पोस्टरं त्यांत आडवी झोपवलेली, मध्ये पातळ कागद घालून. भिंतीवर एकही पोस्टर लावलेलं नाही, उजेडाने रंग जातात म्हणून. खिळ्याला मात्र जुन्या कॅलेंडरांचा एक जाडजूड गठ्ठा टांगलेला आहे. तो कशाला, हे मला कळायला दीड वर्ष लागलं. त्याकडे शेवटी येते.

काकांनी उमेदीची वर्षं लॅमिंग्टन रोडला काढली, नाझ बिल्डिंगमधल्या एका वितरकाच्या ऑफिसात. पब्लिसिटीचे गठ्ठे बांधून गावोगावच्या थिएटरांना रेल्वेने धाडायचं काम. कुठल्या सिनेमाची किती शीटं गेली, कुठली परत आली, कुठली पुन्हा छापून घेतली, हे सगळं त्यांच्या हातून गेलेलं. त्यामुळे जी गोष्ट बहुतेक विक्रेते लक्षात घेत नाहीत ती त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सिनेमाचं साल वेगळं आणि पोस्टरच्या कागदाचं साल वेगळं.

या दुकानात प्रत्येक पोस्टरला पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी असते. त्यावर दोन सालं. वर सिनेमाचं, खाली कागदाचं. कागदाचं साल बहुधा नेमकं नसतंच, 'अमुक नंतर' किंवा 'अमुक ते तमुक' असं असतं, आणि त्याखाली कारण. मी मुंबईत, पुण्यात, ऑनलाइन बऱ्याच ठिकाणी जुनी पोस्टरं पाहिली आहेत. कारण लिहून देणारा दुकानदार दुसरा भेटला नाही.

एक उदाहरण देते. 'सांगत्ये ऐका' १९५९चा. पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षं. एवढं चालल्यावर पहिल्या खेपेचीच पोस्टरं किती वेळा छापावी लागली असतील! आणि नंतर तो पुन्हा पुन्हा लागत राहिला. काकांकडे त्याचं एक तीस बाय चाळीसचं शीट होतं, रंग सुरेख, फक्त एका कडेला पाण्याचा डाग. बाजारात हे १९५९चं म्हणून सहज खपलं असतं. काकांची चिठ्ठी : 'सिनेमा १९५९. कागद १९७२ नंतर. कारण : तळाला मुद्रकाच्या पत्त्यात पिनकोड.' आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याआधी पत्त्यात नुसतं 'मुंबई ४' असायचं, त्याचं पुढे '४०० ००४' झालं. किंमत लावली होती बाराशे. मी विचारलं, एवढी कमी का? म्हणाले, "चित्र तेच आहे, पण मी काय विकतोय ते मला ठाऊक आहे ना."

पिनकोडची खूण एकाच बाजूने चालते, हेही त्यांनीच शिकवलं. पिनकोड आहे म्हणजे बाहत्तरच्या पुढचं, एवढं नक्की. पिनकोड नाही म्हणजे आधीचं, असं मात्र म्हणता येत नाही. कित्येक प्रेसवाले जुनीच ओळ वर्षानुवर्षं छापत राहिले. सेन्सॉरच्या अक्षराचंही तसंच. 'यूए' हा वर्ग १९८३मध्ये आला, तेव्हा साठच्या दशकातल्या म्हणवणाऱ्या पोस्टरवर ती दोन अक्षरं दिसली की पुढे बोलायचं कारण उरत नाही. रंगाच्या नावांतून बरंच कळतं. 'ऑर्वोकलर' लिहिलेलं असेल तर १९६४च्या मागे जाताच येत नाही, कारण त्या जर्मन फिल्मला हे नावच तेव्हा मिळालं. गाण्यांच्या पुस्तिकांची गंमत आणखी वेगळी, त्यांच्यावर किंमत छापलेली असते. 'दोन आणे' असेल तर ती बहुधा एप्रिल १९५७च्या आधीची. 'न. पै.' असेल तर एप्रिल १९५७ ते जून १९६४ या सात वर्षांतली, कारण त्यानंतर 'नये' गेलं आणि नुसता पैसा उरला. पुस्तिका हातात घेतली की मी आता आधी मलपृष्ठ उलटते.

माझा जीव अर्थात छपाईत. काकांचे डोळे अनुभवाचे, माझे धंद्याचे, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. चाळीस-पन्नासच्या दशकांतली आपली बरीच पोस्टरं लिथोवर निघालेली. चित्रकार दगडावर नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर प्रत्येक रंगासाठी वेगळं चित्र हाताने काढायचा. भिंगाखाली ते रव्यासारखं दिसतं. बारीक, वेडेवाकडे दाणे, कुठे दाट, कुठे विरळ, त्यात खडूच्या फटकाऱ्याची दिशासुद्धा कळते. ऑफसेटचा ठिपका शिस्तीचा. आमच्याकडे काळा ४५ अंशांवर, मॅजेन्टा ७५वर, सायन १५वर, पिवळा शून्यावर. हे चार एकमेकांवर बसले की छोटी छोटी फुलं तयार होतात. लिथोत फुलं नसतात. आणि इंकजेटच्या नकलेत ना दाणा ना फूल, नुसता फवारा. पहिल्यांदा काकांनी पन्नासच्या दशकातलं एक लिथो शीट माझ्यापुढे ठेवलं, नायिकेच्या गालावर मी भिंग धरलं आणि बराच वेळ उचललंच नाही. गुलाबी आणि पिवळा, बस. दोन रंगांच्या दाण्यांनी तो गाल गोल केलेला होता. आज मी तोच परिणाम पडद्यावर साधायला गेले तर दिवस जाईल.

पेट्रोल पंपावर नोटा तपासायला असतो तसला जांभळा दिवाही त्यांच्याकडे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण पन्नासच्या दशकापासून, कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळपणा आणणारं रसायन घालायला लागले. असा कागद त्या दिव्याखाली निळसर चमकतो. माझं साडेसहा हजारांचं पोस्टर ट्यूबलाइटसारखं चमकलं होतं.

आता स्टॉक पोस्टरबद्दल. त्या फसवणुकीनंतर काकांनी मला खरं दाखवलं. १९१०च्या आसपास अमेरिकेत एका रिळाचे, दहा-पंधरा मिनिटांचे सिनेमे असायचे आणि थिएटरांत खेळ रोज बदलायचा. एवढ्याशा सिनेमासाठी, एवढ्याशा दिवसांसाठी, प्रत्येकाचं वेगळं रंगीत लिथो छापणं परवडायचं नाही. मग छापखान्यांनी कशालाही चालतील अशी चित्रं छापून साठा करून ठेवला. घोड्यावरचा काउबॉय, पाठलाग, प्रेमी जोडपं. नावाची जागा कोरी. थिएटरवाला आपल्या सिनेमाजोगं चित्र उचलायचा आणि नाव चिकटवायचा किंवा हाताने लिहायचा. पुढे कार्टून आणि छोट्या विनोदी चित्रफितींसाठी हाच मार्ग राहिला. पात्रं कायमची, गोष्ट दर वेळी नवी, मग चित्र एकच ठेवा आणि चौकट रिकामी ठेवा.

यांचं साल काढणं सगळ्यात कठीण, कारण टेकायला सिनेमाच नाही. नेहमीच्या अमेरिकन पोस्टरवर १९४०पासून नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा, म्हणजे थिएटरांना पोस्टरं पुरवणाऱ्या कंपनीचा, आकडा तळाशी सापडतो. ४८/३५२ असा असेल तर तिरप्या रेघेच्या आधीचं ते साल, म्हणजे १९४८, पुढचा त्या वर्षातला क्रमांक. आकड्याआधी 'आर' असेल तर सिनेमा पुन्हा लागला तेव्हाचं. काकांकडच्या स्टॉक पोस्टरवर असा काही आकडा नव्हता. एमजीएमचं, टॉम आणि जेरी, सत्तावीस बाय एक्केचाळीस, आठ पदरी घडी, बोटाला लागणारी. कसं काढलं साल? ही जोडी पहिल्यांदा पडद्यावर आली १९४०मध्ये, तेव्हा त्याच्या आधीचं नाही. पोस्टरवर निर्माता म्हणून फ्रेड क्विंबीचं नाव, आणि क्विंबी निवृत्त झाला १९५५मध्ये. सिनेमास्कोपचा, म्हणजे रुंद पडद्याच्या पद्धतीचा, उल्लेख कुठेही नाही. तो जगात आलाच १९५३मध्ये, पण नसलेल्या खुणेवर काका साल टेकवत नाहीत. चिठ्ठीवर लिहिलं होतं : '१९४० ते १९५५. छापलं केव्हा ते एवढंच सांगता येतं, लावलं केव्हा ते नाही.'

त्या कोऱ्या चौकटीत एक आयताकृती डाग होता, फिकट चहासारखा. कुणीतरी एकदा नावाची पट्टी खळीने चिकटवली होती आणि खेळ संपल्यावर काढून घेतली होती. पट्टीचा एक कोपरा, नखाएवढा, तिथेच राहिलेला. त्यावर काळ्या शाईतल्या एका अक्षराचा पाय. कुठल्या गावच्या कुठल्या थिएटरात कुठलं कार्टून होतं, कधीच कळणार नाही. किंमत अडतीस हजार, मला न झेपणारी. पण काकांनी तासभर ते माझ्यापुढे उघडं ठेवलं, गिऱ्हाईक नाही हे ठाऊक असून.

दुरुस्तीबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण निम्मे लोक त्यासाठीच येतात. ते काम काकांची सून बघते, मागच्या खोलीत. जुनं पोस्टर कापडावर चढवणं, म्हणजे आधी पातळ जपानी कागद, मग कापड, मध्ये गव्हाच्या पिठीची खळ. पुन्हा पाणी लावलं की सुटेल अशी. आपले जुने बाइंडर खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, ती मोरचूद घालत नाही. तांब्याने कागद आणखी लवकर कुजतो. सेलोटेपचे पिवळे पट्टे ती तासन् तास बसून काढते. कुणी लॅमिनेशन करून आणलेलं पोस्टर असेल तर हात जोडते, कारण ते परत फिरवता येत नाही. तेव्हा कृपा करून घरातल्या जुन्या पोस्टरला प्लास्टिक चढवू नका. आणि ठाण्याच्या पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका. भिंतीची ओल आधी कागदात शिरते, मग बुरशी येते.

माझी तक्रार इथली आहे. साठच्या दशकातलं एक वीस बाय तीसचं मराठी पोस्टर मी त्यांच्याकडूनच घेतलं आणि कापडावर चढवायला दिलं. दोन हजार आठशे रुपये, मुदत तीन आठवडे. लागले नऊ. आषाढ-श्रावणात खळ वाळत नाही, ही अडचण खरी आहे. पण मग मुदत देतानाच तसं सांगायला हवं होतं. मी तीनदा कळव्याहून येऊन परत गेले. त्याहून मोठी गोष्ट : पोस्टर हातात आलं तेव्हा डावीकडचा फाटका कोपरा भरून त्यावर रंग लावलेला होता. इतका जुळता की दोन हात लांबून कळेना. मला विचारलं नव्हतं. मी स्पष्ट सांगितलं की मला कोपरा फाटकाच हवा होता, आणि जे दुकान कागदाचं खरं साल लिहून देतं त्याने न सांगता नवा रंग लावणं मला पटलं नाही. काका गप्प झाले. सूनबाई बाहेर आली, म्हणाली, "ताई, चुकलं माझं. जलरंग आहे, निघेल." माझ्यासमोर ओल्या कापसाने तिने तो पुसून काढला, खालचा कोरा कागद तसाच ठेवला. आता तिथे चिठ्ठीवर तिसरी ओळ असते : कुठे भरलं, कुठे रंगवलं. ही ओळ आधीपासून असायला हवी होती, पण सुरू केली हे चांगलं केलं.

आणखी एक. दुकानातला उजेड वाईट आहे. निळसर पांढरी ट्यूब, तीही फडफडणारी. रंग बघायचा तर ५००० केल्विनचा दिवा लागतो, आमच्याकडे त्याशिवाय प्रूफ पास होत नाही. मी दोनदा सुचवलं, अजून आणलेला नाही. घेण्याआधी पोस्टर दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या. काका हरकत घेत नाहीत. फोनवर पाठवलेल्या फोटोवरून मात्र ते साल सांगत नाहीत, कितीही गळ घाला. त्यावरून त्यांना तुसडे म्हणणारे लोक आहेत. ज्या गोष्टी ते बघतात त्या फोटोत येतच नाहीत, म्हणून या बाबतीत मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. प्रत्यक्ष आणलेल्या पोस्टरचे दोनशे रुपये घेतात, चिठ्ठी लिहून देतात. विकत घेण्याची घाई करत नाहीत.

मागच्या दिवाळीत मी ते दोनशे रुपये स्वतःच्या पोस्टरसाठी दिले. ते असं झालं. माझं आजोळ जुन्नर तालुक्यात. मामाच्या घरी पत्र्याची ट्रंक रिकामी करताना तळाला अंथरलेला एक गुलाबी पातळ कागद निघाला. साधारण पंधरा बाय वीस. तमाशाच्या फडाचं पोस्टर. वर फडाचं नाव, मधे पाच बायकांचा एक फोटो, खाली 'गण, गवळण, बतावणी आणि वग'. त्याखाली तीन छापील शब्द आणि त्यांच्यापुढे रेघा : स्थळ, वार-तारीख, वेळ. रेघांवर निळ्या शाईने हाताने भरलेलं. मी ते बघितलं आणि तिथेच ट्रंकेपाशी बसले. अमेरिकेतलं ते कोरी चौकट ठेवणं मला पहिल्याच दिवशी इतकं ओळखीचं का वाटलं होतं, ते तेव्हा कळलं. लहानपणी जत्रेच्या दिवसांत पारावर, पिठाच्या गिरणीवर ही अशीच पोस्टरं असायची. फड तोच, चित्र तेच, गाव दर रात्री नवं.

काकांनी चष्मा बदलला आणि आधी पाठ बघितली. "हात लावा," म्हणाले. मागून बोटाला अक्षरं लागत होती. खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची छपाई. अक्षर कागदात दाबलं गेलेलं, पाठीवर त्याचा उठाव. फोटो जस्ताच्या ब्लॉकवरून, ठिपके इतके जाड की भिंगाशिवाय मोजता यावेत. एका बाईच्या नथीचा मोती म्हणजे अवघे चार ठिपके आणि मध्ये कोरा कागद. तळाला मुद्रकाचा पत्ता, नारायणगाव, ४१० ५०४. म्हणजे बाहत्तरच्या पुढचं.

रेघेवर हाताने लिहिलेलं होतं : 'शनिवार दि. १४ एप्रिल, श्री हनुमान जयंती उत्सवानिमित्त, रात्रौ १० वा.' साल नव्हतं. त्या दिवशी गावात कुणाला साल विचारायची गरज नव्हती.

काका उठले आणि खिळ्यावरचा गठ्ठा काढून आणला. १९७३पासूनची कालनिर्णय, वर्षावर्षाची, ओळीने लावलेली. म्हणाले, "१४ एप्रिलला शनिवार कधी आला ते आधी बघू." १९७३, १९७९, १९८४, १९९०. मग थेट २००१. पाच कॅलेंडरं टेबलावर एप्रिलवर उघडून ठेवली. आता हनुमान जयंती. १९७३ला सतरा तारखेला, मंगळवारी, म्हणजे अजून तीन दिवस पुढे. १९७९ला बारा तारखेला होऊन गेलेली. १९९०ला दहाला, २००१ला आठलाच संपलेली. १९८४चं पान त्यांनी माझ्याकडे सरकवलं. रविवार १५ एप्रिल, हनुमान जयंती. आदल्या रात्री दहाला फड उभा राहिला आणि जन्माच्या पहाटेपर्यंत वग चालला, असा तो हिशेब.

मी तिथूनच मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "चौऱ्याऐंशी? त्याच वर्षी पाराच्या मागचा पिंपळ पडला. मग त्या फडाला आम्हीच सुपारी द्यायला गेलो होतो की." काकांनी फोनवरचं ऐकलं, पण चिठ्ठीत ते लिहिलं नाही. लिहिलं एवढंच : 'छपाई १९७२ नंतर. वापर शनिवार १४ एप्रिल १९८४. कारण : पिनकोड, वार, तिथी.' छापलं केव्हा आणि लावलं केव्हा, दोन्ही ओळी असलेली ती मी पाहिलेली पहिली चिठ्ठी.

पोस्टर सध्या त्यांच्याकडेच आहे, सूनबाईकडे, घड्या सपाट करायला. या वेळी तिने मुदत सांगितली ती होळीपर्यंतची. ट्रंकेच्या कडेने कुरतडलेला उजवा कोपरा तसाच ठेवायचा, हे मी आधीच लिहून दिलं आहे.